आंबण्याची अखेर कशी ओळखावी?

कोणतीही गोष्ट सुरू झाली हे ओळखणे सोपे असते. ती संपली हे ओळखणे कठीण. हे जसे संसारात, तसेच आंबण्याच्या क्रियेतही आहे. द्राक्षाचा रस पिंपात भरून ठेवला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यावर फेस येतो, बुडबुडे उठतात, कान लावला तर सळसळ ऐकू येते. क्रिया सुरू झाल्याची ही लक्षणे आंधळ्यालाही समजावीत अशी. पण ती पुरी झाली की नाही, याचे उत्तर कोणी द्यावे? फेस ओसरला म्हणजे झाले का? आवाज थांबला म्हणजे झाले का? की पंचांगातले अमुक दिवस भरले म्हणजे झाले? या एका प्रश्नाचा विचार आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

विषय ओझरला परका नाही. बाणगंगेच्या काठचे आणि मुंबई-आग्रा हमरस्त्यावरचे हे गाव ज्या निफाड तालुक्यात मोडते, तो तालुका द्राक्षांचा. येथील द्राक्षे खाण्यासाठी बाजारात जातात, बेदाण्यासाठी वाळविली जातात, आणि गेल्या काही दशकांत वाइनसाठीही पिकविली जाऊ लागली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. याच तालुक्यात विंचूर येथे वाइन उद्यान उभे राहिले. त्याच्या थोडे आधी, २००० साली, नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सुला या कंपनीची पहिली वाइन बाहेर पडली होती. म्हणून आंबण्याची अखेर हा आता केवळ रसायनशास्त्राच्या तासाचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या शिवारातल्या मालाचा विषय झाला आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या घरी आणि स्वतःपुरते का असेना. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने घरगुती बिअरवरील मध्यवर्ती सरकारचे बंधन उठले. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद कायद्याने करता येतो; ओझरला येत नाही. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते परवानाधारक कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी, तेथे द्राक्षे घालणाऱ्या बागाईतदारांसाठी, आणि मुख्यतः ज्यांना ही क्रिया समजून घ्यावयाची आहे अशा जिज्ञासूंसाठी आहे.

प्रथम ही क्रिया म्हणजे काय ते पाहू. द्राक्षाच्या रसात साखर असते. किण्व, म्हणजे ज्याला आपण यीस्ट म्हणतो ते अतिसूक्ष्म एकपेशी जीव, ती साखर खातात. तिच्यापासून मद्यार्क आणि कर्बाम्ल वायू असे दोन मुख्य पदार्थ निघतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाइनवरचा आपला ग्रंथ १८६६ साली आणि बिअरवरचा १८७६ साली प्रसिद्ध केला, आणि आंबणे हे सजीवांचे कार्य आहे ही गोष्ट जगाच्या मनावर ठसविली. हिशेब सोपा आहे. १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून, काहीच वाया गेले नाही असे धरले तर, ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. जवळजवळ निम्मे-निम्मे म्हणावयास हरकत नाही. साखर संपली की किण्वाचे अन्न संपले आणि क्रिया थांबली. म्हणजे आपला मूळ प्रश्न असा आहे: किण्वाला खाता येईल अशी साखर रसात उरली आहे की नाही?

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न टाळला नव्हता. आयुर्वेदातील आसव आणि अरिष्ट ही औषधे आंबवूनच सिद्ध होतात. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट ही नावे तर घरोघरी ठाऊक आहेत. त्यात धायटीची फुले घालण्याची चाल आहे. फुलांवरून किण्व आत जाते. संधान पुरे झाल्याची जी लक्षणे वैद्य पाहतात ती मोठी मार्मिक आहेत. भांड्याला कान लावला असता सळसळ येऊ नये. आत घातलेली द्रव्ये तळाशी बसलेली असावीत. आणि भांड्याच्या तोंडाशी पेटती वात नेली तर ती विझू नये. वात विझते याचे कारण आत कर्बाम्ल वायू साठलेला असतो. वात तेवत राहिली, म्हणजे नवा वायू निघत नाही, म्हणजे क्रिया थांबली. ज्या काळी वायूचे नावही कोणास ठाऊक नव्हते त्या काळी केलेले हे निरीक्षण अचूक होते.

परंतु या लक्षणांची एक मर्यादा आहे. क्रिया थांबली एवढेच ती सांगतात. ती संपली की मध्येच अडली, हे सांगत नाहीत. आगगाडी थांबली म्हणजे मनमाड आले असे नव्हे; ती सिग्नलपाशीही थांबते. बुडबुड्यांचेही तसेच आहे. पिंपाचे झाकण कोठे फटीत वायू सोडत असेल तर आत क्रिया जोरात चालू असूनही बुडबुडे दिसत नाहीत. उलट क्रिया संपलेली असूनही दुपारच्या उन्हाने द्रव तापला की त्यात विरघळलेला जुना वायू बाहेर पडू लागतो आणि पाहणाऱ्याला वाटते की अद्याप काम चालू आहे. म्हणून डोळा आणि कान यांची साक्ष घ्यावी. पण निकाल तिच्यावर देऊ नये. निकालासाठी साखरेलाच विचारले पाहिजे, आणि तिला विचारण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे हायड्रोमीटर.

हे साधन नावाने परके वाटले तरी ओळखीचे आहे. दूधसंकलन केंद्रात दुधात सोडतात तो लॅक्टोमीटर हा हायड्रोमीटरच. हमरस्त्यावरच्या गॅरेजात मोटारीच्या बॅटरीतले आम्ल काचेच्या नळीत ओढून आत तरंगणारी कांडी पाहतात, तोही हायड्रोमीटरच. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स पाहतात, तेथेही हाच. तत्त्व आर्किमिडीजचे: तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. द्रव जड असेल तर थोडा सारून भागते आणि कांडी वर राहते. द्रव हलका असेल तर पुष्कळ सारावा लागतो आणि कांडी खोल बुडते. इसवी सन ४०० च्या सुमारास सायनेसियस नावाच्या विद्वानाने अलेक्झांड्रियाच्या हायपेशिया या विदुषीस पत्र लिहून असे एक उपकरण करवून पाठविण्याची विनंती केली होती, ते पत्र आजही उपलब्ध आहे. बिअरच्या धंद्यात त्याचा पद्धतशीर उपयोग कसा करावा हे हल येथील जॉन रिचर्डसन याने १७८४ साली ग्रंथ लिहून दाखविले. तोवर दारू गाळणारे लोक जिभेवर आणि अनुभवावर विसंबत. त्यानंतर आकड्यावर विसंबू लागले.

आता आकडे पाहू. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरतात. साखर विरघळली की ते वाढते. २२ ब्रिक्सचा द्राक्षरस, म्हणजे वाइनसाठी चांगला पिकलेला रस, हायड्रोमीटरवर सुमारे १.०९२ दाखवितो. अशा एका लिटरात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. आंबण्यात ही साखर जाते, तिच्यातला निम्मा भाग वायूरूपाने हवेत उडतो, आणि उरलेल्या निम्म्याचा मद्यार्क होतो. मद्यार्क पाण्याहून हलका आहे. त्याची घनता ०.७८९. जड वस्तू गेली आणि तिच्या जागी हलकी आली. म्हणून कांडी रोज खाली खाली जाते. साखर पुरती संपली की ती १.००० च्याही खाली, ०.९९० ते ०.९९६ च्या दरम्यान येऊन थांबते.

येथेच नवशिका फसतो. कांडी १.००० वर आली, म्हणजे रस पाण्याइतका झाला, म्हणजे साखर संपली, असे त्याला वाटते. तसे नाही. त्या वेळी मद्यार्काचा हलकेपणा आणि उरलेल्या साखरेचा जडपणा यांनी एकमेकांना झाकलेले असते. शेवट ०.९९४ वर होणार असेल तर १.००० वर असताना दर लिटरला दहा-बारा ग्रॅम साखर अजून शिल्लक असते. दुधात हीच लबाडी चालते. साय काढली की दूध जड होते, पाणी घातले की हलके होते. दोन्ही केले की लॅक्टोमीटर पूर्वीचाच आकडा दाखवितो. उपकरण खोटे बोलत नाही. एका आकड्यातून दोन गोष्टी वाचावयास गेलो की आपणच चुकतो.

मापन कसे करावे हेही सांगितले पाहिजे. स्वच्छ उंच काचपात्रात नमुना घ्यावा. प्रथम तो दोन भांड्यांतून वरखाली ओतून त्यातला वायू घालवावा. कारण कांडीला बुडबुडे चिकटले तर ते तिला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. कांडी सोडताना तिला बोटांनी हलकेच गिरकी द्यावी, म्हणजे उरलेले बुडबुडे झडतात. ती पात्राच्या भिंतीला टेकलेली नसावी. मग डोळा द्रवाच्या पातळीशी आणून वाचावे. काचेलगत चढलेली कड नव्हे, तर सपाट पातळी धरावी. गढूळ नमुना काही वेळ निवळू द्यावा. आणि मोजलेला नमुना पुन्हा पिंपात ओतू नये; बाहेरचा जंतू आत नेण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होय.

याबरोबर उष्णमानाची नोंद हवीच. पुष्कळ हायड्रोमीटर २० अंश सेल्सियसला बरोबर असतात; जुने १५.६ अंशांना असत. कोणते ते कांडीवर लिहिलेले असते. २० अंशांची कांडी ३० अंशांच्या द्रवात घातली तर आकडा सुमारे अडीच-तीन हजारांश कमी दिसतो. १० अंशांच्या द्रवात सुमारे दीड हजारांश जास्त दिसतो. म्हणजे गार पहाटेचा नमुना आणि तापलेल्या दुपारचा नमुना यांत साखरेचा कणही न बदलता चार हजारांशांचा फरक पडू शकतो. ज्याने उष्णमान लिहिले नाही त्याने अर्धेच मापन केले.

आता मुख्य प्रश्नाचे उत्तर. आंबणे संपले असे म्हणावयास दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली अट स्थिरतेची: एकाच उष्णमानाला आणून, एक-एक दिवसाच्या अंतराने घेतलेली निदान तीन मापने सारखी आली पाहिजेत. दुसरी अट पातळीची: आकडा जेथे स्थिरावला आहे ती जागा शेवटाची असली पाहिजे. पहिली अट पुरी झाली आणि दुसरी झाली नाही, तर क्रिया संपलेली नसून अडलेली आहे.

निफाड तालुक्यात या दुसऱ्या अटीला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातम्यांत निफाडचे नाव बहुधा पहिले असते. पारा पाच अंशांखाली उतरल्याचे आपण हिवाळ्यात वाचतो आणि बागेत शेकोट्या पेटवितो. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. ज्या पिंपाचे उष्णमान सांभाळलेले नाही ते कडाक्याच्या थंडीत इतके गार होऊ शकते की किण्व झोपी जाते. फेस नाही, आवाज नाही, तीन दिवस आकडा हलत नाही. पण तो आकडा आहे १.०१५. ही झोप आहे, मृत्यू नव्हे. अशा वेळी द्रव हळूहळू अठरा-वीस अंशांपर्यंत आणावा, तळाचे किण्व ढवळावे, आणि तरीही हालचाल नसेल तर जोमदार नवे किण्व घालावे. थंडीप्रमाणेच अतिउष्णता, फार साखर आणि किण्वाच्या पोषणद्रव्यांची उणीव यांनीही क्रिया अडते.

बिअरची गोष्ट थोडी निराळी. ती सातूच्या माल्टपासून होते, आणि माल्टच्या रसात किण्वाला न पचणाऱ्या काही शर्करा असतात. म्हणून १.०५० ला सुरू झालेली साधी बिअर १.०१० ते १.०१२ च्या आसपास थांबते. ती पाण्याखाली जाण्याची वाट पाहणारा वाटच पाहत राहील. मग तिची शेवटाची जागा आधी कशी कळावी? यासाठी बिअर करणाऱ्यांनी एक सुंदर युक्ती काढली आहे. आरंभीच थोडा रस वेगळा काढावा, त्यात भरपूर किण्व घालावे, उबदार जागी ठेवून अधूनमधून हलवावे. हा छोटा नमुना मोठ्या पिंपाच्या आधी शेवटास पोचतो. त्याचा स्थिरावलेला आकडा हीच मोठ्या पिंपाची शेवटाची जागा. पुढे जाऊन रस्ता पाहून आलेल्या वाटाड्यासारखा हा नमुना असतो.

आपले बागाईतदार म्हणतील, आमच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर आहे, मग ही काचेची कांडी कशाला? द्राक्ष वेलीवर असताना रिफ्रॅक्टोमीटर उत्तम. एका थेंबात गोडी सांगतो. पण तो प्रकाशाचे वळणे मोजतो, आणि मद्यार्क प्रकाशाला पाण्याहून अधिक वळवितो. त्यामुळे २२ ब्रिक्सचा रस पुरता आंबून कोरडा झाला तरी तो यंत्रात सात-आठ ब्रिक्स दाखवीत राहतो. हिशेबाने दुरुस्ती करता येते. पण शेवटाचा निर्णय हायड्रोमीटरवर घ्यावा, आणि मालाची किंमत मोठी असेल तर प्रयोगशाळेत फेलिंगच्या द्रावणाने उरलेली साखर मोजून घ्यावी.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण बाटलीला बूच बसल्यावर चूक दुरुस्त होत नाही. बंद बाटलीत दर लिटरला चार ग्रॅम साखर आंबली की सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. चोवीस ग्रॅम आंबली की सहा वातावरणे, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या अडीच-तीन पट. फेसाळ वाइन अशीच करतात; पण ती मोजून घातलेल्या साखरेने आणि त्या दाबासाठी घडविलेल्या जाड काचेच्या बाटलीत. आपल्याकडे नारायणगाव येथे १९८० च्या दशकात ही पद्धत आली. साध्या बाटलीला तो दाब सोसत नाही. आणि चोवीस ग्रॅम म्हणजे कांडीवर किती? अवघे दहा-बारा हजारांश. १.००५ वर अडलेली वाइन थंडीत साध्या बाटलीत भरली, आणि एप्रिलच्या उन्हाने किण्व जागे झाले, तर बूच उडेल, माल जाईल, किंवा काच फुटून हाताळणाऱ्याच्या डोळ्याला इजा होईल. मुद्दाम गोड ठेवलेली वाइन असते हे खरे. पण ती गार करून, बारीक गाळणीतून किण्व काढून, औषध घालून मगच भरतात. तेथे साखर चुकून उरलेली नसते, जाणूनबुजून ठेवलेली असते.

दुसरा धोका माणसाच्या प्राणाचा आहे. एका लिटर रसातून पन्नास लिटरांहून अधिक वायू निघतो. हजार लिटरांच्या एका टाकीतून निघालेला वायू बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली भरून उरेल. तो हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत आणि टाकीच्या तळाशी साचतो. त्याला रंग नाही. जुन्या विहिरीत कंदील सोडून पाहण्याची आपली पद्धत आहे. पण कंदील विझण्याइतका वायू साचण्यापूर्वीच तो माणसाला घातक ठरू शकतो. म्हणून आंबणाऱ्या मालाच्या खोलीला जमिनीलगत वारा खेळता हवा, आणि वायूमापकाने तपासल्याशिवाय व बाहेर दुसरा माणूस उभा केल्याशिवाय टाकीत कोणी उतरू नये. आत कोणी पडला तर त्याच्यामागोमाग उडी घालू नये. अशाने एकाचे दोन मृत्यू होतात. क्रिया संपल्याचे हायड्रोमीटरने सांगितले तरी साचलेला वायू आपण होऊन निघून जात नाही, हे येथे विसरू नये.

ज्या गावात १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहिला, त्या गावाला मोजण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. एक सहस्रांशाच्या फरकाने विमानाचा सुटा भाग नापास होतो, हे येथील अनेक घरांना ठाऊक आहे. द्राक्षाच्या रसालाही तीच शिस्त लावावयाची आहे. त्यासाठी लागते ती काचेची एक कांडी, एक उंच पात्र, एक उष्णमापक आणि एक वही. वहीत तीन रकाने आखावेत: तारीख, उष्णमान, आकडा. तीन दिवसांच्या तीन ओळी एकसारख्या आल्या आणि त्यांची पातळी शेवटाची असली, म्हणजे आंबणे संपले. तोवर बूच लावण्याची घाई करू नये.